खंडेनवमीला घासलेली पट्टी

सन्माननीय अध्यक्ष श्री. जगन्नाथ टिपणीस, व्यासपीठावरचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती डॉ. दिगंबर सोवनी सर, आणि नेपरव्हिलमधून, अरोऱ्यातून, पार शिकागोपासून ड्राइव्ह करत आलेल्या बंधुभगिनींनो,

मी उत्तरा केळकर, सरांची विद्यार्थिनी. येत्या गुरुवारी सर कायमचे सांगलीला चालले आहेत. अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिलीत आणि "जरा हलकंफुलकं बोल" असं बजावलंय. टिपणीसकाका, ते मला आज जमणार नाही.

सरांनी आयुष्यभर काय केलं, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? घरच्या इलेक्ट्रिक शेगडीवर, ती लाल व्हायच्या आधीच, हात धरून बघा. धग लागते. तापलेला धातू डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकत असतो, इन्फ्रारेड. चकचकीत धातू तो कमी टाकतो, काळवंडलेला जास्त. पण वर्षानुवर्षं तापत राहिलेल्या धातूचं काय होतं? सरांना ते मोजायचं होतं. त्यासाठी १९६९ पासून दर आठवड्याला ते निकेलची एकच पट्टी भट्टीत तापवत होते. तिला चिमट्याशिवाय कुणी शिवायचं नाही. तिच्यावर चढत गेलेला काळा थर, तेच सगळं संशोधन.

१९७८ साली मी आले. पहिल्याच दिवशी लॅबमधल्या टेक्निशियननं मला हे सगळं भराभर इंग्रजीत सांगितलं. मला निम्मं कळलं नाही, पण विचारायची लाज वाटली. मी मान डोलावली.

माझ्या वडिलांचं इचलकरंजीला लेथचं वर्कशॉप. खंडेनवमीला आमच्याकडे पाना-पक्कडसुद्धा घासूनपुसून लखलखीत करून पुजतात. इथं येऊन मला जेमतेम दीड महिना झालेला, घरच्या आठवणीनं जीव नुसता कासावीस व्हायचा. त्या सकाळी सर लेक्चरला गेले होते. म्हटलं, आपण पूजा मांडून ठेवू, सर किती खूश होतील. मी भट्टी पुसली. आतली ती कळकट पट्टी बाहेर काढली, पॉलिश पेपरनं आरशासारखी केली आणि वर हळदकुंकू वाहिलं.

सर आले आणि दारातच थांबले. त्यांनी पट्टी बघितली. मग म्हणाले, "नैवेद्याला काय आणलंस?" मी खडीसाखर पुढे केली. त्यांनी ती तोंडात टाकली, पट्टीला नमस्कार केला आणि खुर्चीत बसले. त्या दिवशी त्यांनी भट्टी लावली नाही.

मार्चमध्ये ग्रँट बंद झाली. का बंद झाली म्हणून मी लॅबची वही उघडली. नऊ वर्षांच्या आकड्यांखाली सरांच्या अक्षरात एकच ओळ होती: 'माझ्या निष्काळजीपणामुळे पट्टी खराब झाली. दि. सोवनी.' सरांना पुन्हा ग्रँट मिळाली नाही. आणि मी? त्याच घासलेल्या पट्टीच्या मापांवर त्यांनी मला थिसिस लिहायला लावला. माझ्या नावाला डॉक्टर लागलं ते तिथून.

सर, हातानं मला बसायला खुणावू नका.

हे फक्त सरांच्या पत्नी, प्रतिमाकाकूंना माहीत होतं. यंदा जानेवारीत हॉस्पिटलमध्ये काकू मला म्हणाल्या, "अगं, हे कधी बोलायचे नाहीत. तू बोल. मला ऐकायचंय." मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात नक्की. पुढचा आठवडा काकूंना मिळाला नाही. पहिल्या रांगेत सरांच्या शेजारची खुर्ची मीच रिकामी ठेवायला सांगितली आहे.

गेल्या शुक्रवारी डिपार्टमेंटच्या लंचला कुणीतरी हसत म्हणालं, "नऊ वर्षांचं काम स्वतःच्याच हातानं घालवलंत की!" सरही हसले. मी समोर बसून केक खात होते, आणि तेव्हाही गप्प बसले. फार वाईट वाटतं हो.

असो. मंडळाचे आणि सकाळपासून स्वयंपाकघरात राबणाऱ्या सगळ्या मावश्या-काकूंचे आभार. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभेनं पोटात घालावं. सर, त्या पट्टीचं मात्र आता पोटात घालू नका. वही मी सोबत आणली आहे. ती ओळ खोडा आणि तिथं माझं नाव लिहा. हे घ्या पेन.