पाण्याखालचे सुरक्षित स्तूप

आमच्या हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या आत्याचं तोंड तुम्हाला माहीतच आहे. निजामाचं जुनं राज्य तुटून वाटलं गेलं, तेव्हाची गोष्ट. आत्या नुकतीच बौद्ध झाली होती. कृष्णाकाठच्या नागार्जुनकोंड्याचे जुने स्तूप, भिक्खूंचे विहार नव्या धरणात बुडणार म्हणून मुद्दाम जाऊन बघून आली होती.

अफझलगंजच्या एका सभेत कुणी बडा साहेब म्हणाला, "फिकीर कशाला करता? पाण्याखाली सगळं सुरक्षित राहील. ऊन नाही, वारा नाही, चोर नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या डोळे पुसत उठली.

"एवढं चांगलं असेल, तर तुमचा बंगलाही बुडवा की मुसी नदीत!"

सभा हसली. साहेब चिडला. "बाई, तिथं माणसं राहतात."

"विहारातही राहत होती," आत्या म्हणाली, "तुमच्यापेक्षा शहाणी."