पहिला हात

मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न टाकतो. उत्तर मनातल्या मनात द्या, शेजारणीला विचारू नका!

घरी गेल्यावर तुमच्या लग्नाचा अल्बम काढा. उघडलात? नवरदेवाची कॉलर बघा — कानापर्यंत! केस बघा — पाखरांनी अंडी घालावीत असे! त्या दिवशी हाच माणूस गावात सगळ्यात देखणा होता की नाही? मग आज पोरं तो फोटो बघून पोट धरून का हसतात? आणि त्याच फोटोत, बाजूला, पांढरं धोतर नेसलेले आजोबा उभे आहेत. त्यांना कुणी हसतं का? नाही! काल शोभत होते, आज शोभतात, उद्याही शोभतील.

असं का? एक गोष्ट वर्षभरात शिळी होते आणि एक कधीच जुनी होत नाही — ह्याचं मर्म काय? कुणी सांगेल, पैसा. कुणी सांगेल, चांगला माल. थांबा, घाई करू नका. ह्याचं उत्तर एका छोट्या गाडीच्या चाकानं दिलंय. हसता काय? देवळात गाडीच्या चाकाची कथा! अहो, देवीची पालखी खांद्यावरून चालते ती कथा, मग देवी चाकावरून चालली तर कथा नाही? हां, पेटीवाले, जरा सूर धरा — म्हणा, उदं, आई, उदं!

तर कोल्हापूरच्या पूर्वेला, नदीच्या काठाला आगरवाडी नावाचं गाव. गावची देवी जाखाई. दसऱ्याला जाखाई सीमोल्लंघनाला निघते. पालखीतून? नाही. ह्या गावची रीत न्यारी. देवीचा मुखवटा निघतो गाडीतून, आणि गाडीचा मान सुतारांचा. का? तर पूर्वी देवीचा बैलगाडा होता, आणि त्याचं चाक घडवायचं सुताराच्या घरानं. गाडा गेला, मान राहिला. आता सुतारांच्या घरात जी गाडी असेल तीत आई बसते.

आणि गाडी वाटेनं चालली की दारादारातून बायका बाहेर येतात, पाण्याचा तांब्या चाकावर ओततात, आणि ओल्या हळदीचा हात — पाची बोटं, अख्खा पंजा — चाकावर उठवतात. मुखवट्याला हात लावायचा गुरवानं. पण चाक? चाक सगळ्यांचं! तिथं कुणाला अडकाठी नाही. कळतंय का मंडळी? देवीपर्यंत पोचायची गरिबाची वाट त्या चाकावरून जात होती.

पण त्याआधी एक अट. खंडेनवमीला गाडी देवळापुढं आणायची, आणि पहिला हात लावायचा सुतारांच्या घरातल्या वडील बाईनं. तो लागला की मान पक्का. लागला नाही, तर गाडी दुसरी.

आता सुतारांच्या घरात कोण? दिगंबर. वय चाळिशीच्या आत, धंदा स्वयंपाकघरातली कपाटं बसवायचा. रंधा गेला, प्लायवूड आलं. स्वभाव लाख मोलाचा, पण एक खोड — लोक काय म्हणतील! आहे का इथं कुणाला ती खोड? हात वर करू नका, मी ओळखलंय!

दिगंबरची आत्या, सगळे तिला आक्का म्हणत. लहानपणी वडिलांच्या मांडीला टेकून चाक घडताना बघितलेली बाई. लग्नानंतर लवकर माहेरी परतली ती इथलीच झाली. वर्षानुवर्षं पहिला हात तिचाच. अलीकडे डोळ्यांपुढं धुकं आलं होतं, माणूस आवाजानं ओळखायची आणि वस्तू हातानं.

आणि गाडी? इवलीशी! चार माणसं बसली की पाचव्यानं श्वास बाहेर सोडायचा. दुधी रंगाची, गोल डोळ्यांची, गोजिरवाणी. चाकं मात्र गंजलेली, वरच्या प्लास्टिकच्या टोप्या दोन होत्या, दोन ओढ्यात गेल्या होत्या.

त्या वर्षी झालं काय, दिगंबरच्या वेगळ्या चुलीवर गेलेल्या चुलतभावानं, धनाजीनं, मोठी गाडी घेतली. मोठी म्हणजे केवढी? चढायला पायरी! आणि गावात कुजबुज सुरू. "आईला आता जरा ऐसपैस बसू द्या की." धनाजी स्वतः काही बोलला नाही हो, पण लोक बोलायचे थांबतात का? दिगंबरला झोप लागेना. मान जाणार! आणि गेलेला मान परत येत नसतो. पुढच्या पिढीला सांगायचं काय, की माझ्या हातून गेला?

मग त्यानं ठरवलं. गाडी बदलता येत नाही, चाकं बदलू. मॅगव्हील, ती नक्षीची शोभेची चाकं, बसवू! असली चाकं की धनाजीची गाडी बघायला कुणी मान वळवणार नाही.

गेला कोल्हापुरात, हसन मुजावरच्या दुकानात. भिंतभर चाकं टांगलेली. मुजावर जुना जाणता दुकानदार, त्यानं गाडी बघितली आणि साधी चाकं पुढं केली. "दादा, बारक्या अंगाला बारकाच दागिना. गाडी दिसली पाहिजे, चाक न्हवं."

दिगंबर म्हणाला, "मला चाकच दिसाया पाहिजे."

झालं! गिऱ्हाईक म्हणतंय तर मुजावर काय करणार? काढली त्यानं चाकं. काळी कुळकुळीत! सुरीच्या पात्यासारख्या बारीक बारीक काड्या, मोजता येणार नाहीत, आतल्या बाजूला वळलेल्या, काठाला लाल रेघ! आकारानं थोराड, वर टायर चपटा, भाकरीच्या कडेएवढा. बसवली. गाडी कशी दिसली सांगू? बापाचे बूट घालून पोरगं अंगणात उभं राहावं तशी! पण दिगंबरला ते दिसलं का? छे! त्याला दिसत होती गावकऱ्यांची वासलेली तोंडं.

आणि वासलीही! पोरांनी गाडीभोवती कोंडाळं केलं, मोबाइल काढले, फोटो काढले. दिगंबरची छाती फुगली. खड्ड्यातून जाताना चाकाचा वरचा काठ गाडीला घासून खर्र आवाज करत होता, तर पठ्ठ्यानं गाणं मोठ्यानं लावलं! आपणही हेच करतो की नाही मंडळी? आत काही खर्र वाजायला लागलं की बाहेरचा आवाज वाढवायचा!

उजाडली खंडेनवमी. घरोघरी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडली. करवत, हातोडा, कोयता, विळी — सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. आणि पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

गाडी देवळापुढं उभी राहिली. गाव जमलं. आप्पा गुरव तबक घेऊन आला. आक्काला धरून आणलं. ती चाकाशी उकिडवी बसली, तांब्यातलं पाणी ओतलं, वाटीतल्या हळदीत पंजा बुडवला, आणि हात पुढं केला.

हात गेला... आणि आतच गेला! काड्यांच्या फटीतून थेट मनगटापर्यंत. तिनं काढला, पुन्हा लावला. एक बोट काडीवर, चार हवेत. जरा वर चाचपलं, तिथं टायर. खाली चाचपलं, तिथं पोकळ. हळद ठिपकत ठिपकत मातीत पडली. आक्का चाचपत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "दिगू, चाक कुठं हाय रं?"

मंडळी, शिवी दिली असती तरी चाललं असतं! दिगंबरला वाटलं, पायाखालची माती निघून चाललीय. एवढं मिरवलं ते चाक, आणि आक्का विचारते, चाक कुठाय!

त्यानं तिचा हात धरून काडीवर दाबायला बघितलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. बळंच नगो. मला गावंना. धनाजीची गाडी आण म्हणावं, तिला लावते." रागानं नव्हे हो. मायेनं म्हणाली. त्याला सोडवायला म्हणाली! आणि तेच त्याला जास्त लागलं.

आप्पा गुरवानं खाकरून सांगितलं, "दिगंबर, रीत तुला ठावं हाय. दिवेलागणीपतोर पयला हात लागला पायजे. न्हाई तर धनाजीची गाडी उभी करू."

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? रडला असता? गुरवाशी भांडला असता? दिगंबर गाडीत बसला आणि किल्ली फिरवली! तेवढ्यात शेजारचं दार उघडून कोण बसावं? धनाजी! ज्याला मान मिळणार होता तो! दिगंबर बघतच राहिला. धनाजी म्हणाला, "बघतोस काय? आक्का माझीबी आत्याच हाय. चल."

सुटली गाडी! खर्र, खर्र, खर्र — ह्या वेळी गाणं बंद होतं, सगळं ऐकू येत होतं. रस्त्यात झेंडूचे ढीग, उसाच्या मोळ्या, गाड्यांना हार, आणि आमचे दोघे सुसाट! तबलेवाले, जरा ठेका वाढवा... हां!

कोल्हापुरात मुजावरचं दुकान अर्धं बंद. आत बघतात तर काय — मुजावरनंही खंडेनवमी मांडलेली! कोल्हापूर आहे महाराज ते, पाना चालवणाऱ्या प्रत्येक हाताची खंडेनवमी! जॅक, पाने, टायर चढवायचं यंत्र, सगळ्यांना गंधफूल.

मुजावर म्हणाला, "चाकं बघा, न्या. पर हत्यारं बसल्यात. आज एक नटबी फिरवणार न्हाई."

दिगंबरनं आधी ते ऐकलंच नाही. तो पूजेच्या तबकाशी गेला, चिमूटभर हळद हातावर घेतली, पाण्यात कालवली, आणि डोळे मिटले. घट्ट! आणि भिंतीवरच्या एकेका चाकाला पंजा लावत सुटला!

मुजावरनं धनाजीला हळूच विचारलं, "ह्यास्नी बरं हाय न्हवं?"

पहिलं चाक — जाळीदार. बोटं अडकली. दुसरं आरशासारखं चकचकीत. हात घसरला, हळद धरेना. तिसरं आत खोल, परातीसारखं. हात बुडाला, तळ लागेना. चौथं, पाचवं, नाही, नाही. डोळे मिटल्यावर त्याला प्रथमच कळलं, की मागच्या खेपेला आपण चाक बघितलंच नव्हतं. लोकांची तोंडं बघितली होती!

आणि मग एका चाकाशी हात थांबला. साधं. रुप्याच्या रंगाचं. मोजक्याच आऱ्या, पण रुंद आणि सपाट, मधल्या गोल तुंब्यापासून निघून शांतपणे काठाला मिळालेल्या. पंजा टेकला. पाची बोटं टेकली! त्यानं डोळे उघडले. पिवळा हात उमटला होता, अख्खा.

"हे," दिगंबर म्हणाला.

मुजावर हसायला लागला. "दादा, पयल्या दिवशी हेच तर काढलं होतं. दुकान घातलं तवापासनं इकतोय. कितीक फॅशनी आल्या नि गेल्या, ह्येचं गिऱ्हाईक तुटलं न्हाई. टायर चढवलेली चारी मांडणीला ठेवल्यात, तीच न्या."

चाकं मिळाली! पण बसवणार कोण? मुजावर हत्यार उचलणार नाही, दिगंबर त्याला पापात पाडणार नाही. सूर्य कलला. तेवढ्यात धनाजीनं विचारलं, "तुझ्या डिकीतला जॅक नि पाना पूजेत मांडलास का?"

दिगंबरनं कपाळावर हात मारला. विसरला होता! घरभरची हत्यारं मांडली, पण डिकीतल्या चादरीखालचा पाना बिचारा विसरलाच होता. बघा मंडळी, देवीला काम करून घ्यायचं असलं की ती आपल्या विसरभोळेपणालाही कामाला लावते! दोघे भाऊ रस्त्यावर मांडी ठोकून बसले. एकानं जॅक उचलला, एकानं नट आवळले. गेल्या कैक वर्षांत एका ताटात न जेवलेले भाऊ एका चाकाला चारही हात लावून बसले!

गाडी जमिनीवर उतरली. दिगंबर चार पावलं मागं सरला आणि बघतच राहिला. काय दिसली ती! चाकं ओरडत नव्हती, आणि म्हणूनच गाडी दिसत होती. तो दुधी रंग, ते गोल डोळे, तो पाठीचा बाक — सगळं जागच्या जागी. गाडी कालची म्हणावी की वीस वर्षांपूर्वीची, की अजून यायची आहे? सांगता येईना! जन्मली तीच जणू ह्या चाकांवर. आणि येताना? खर्र नाही, खुर्र नाही. वाऱ्यावर आली!

देवळापुढं पोचले तेव्हा आप्पा गुरव काडी ओढत होता, समईची वात अजून पेटायची होती. गाव तसंच उभं. आक्का ओट्यावर बसलेली. दिगंबरनं तिला उचलल्यासारखं धरून चाकाशी आणलं. वाटी पुढं केली.

आक्कानं पंजा बुडवला. पुढं केला. आणि हात... टेकला! कुठं चाचपावं लागलं नाही, कुणी धरावा लागला नाही. पाची बोटं आपापल्या जागी गेली. तिनं हात उचलला नाही. तसाच ठेवून बोटांनी एक आरी तुंब्यापासून काठापर्यंत चाचपली, मग दुसरी, मग तिसरी. मोठ्यानं बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हां. ह्ये चाक हाय."

ढोल सुरू झाला. पण आक्का हात काढेना. तिनं विचारलं, "कुणी केलं रं, दिगू?"

दिगंबर खाली बघत म्हणाला, "कुणी न्हाई आक्का. दुकानातनं आणलंय. सुताराच्या घरात आता चाक कोण करतंय?"

आक्का म्हणाली, "व्हय, पर निवडलं कुणी?"

"मी."

"मग तूच केलंस की. माझा बाबाबी आधी लाकूड निवडायचा, डोळं मिटून, हात फिरवून. त्यो म्हणायचा, निम्मं चाक तितंच हुतंय." आणि तिनं तो हळदीचा हात उचलून दिगंबरच्या गालावर ठेवला. एवढा मोठा माणूस, साऱ्या गावादेखत रडला. मला सांगताना सुद्धा भरून येतंय, मंडळी.

दुसऱ्या दिवशी जाखाई निघाली. दारादारातून हात आले. म्हातारे, कोवळे, कष्टानं चिरलेले, नव्या बांगड्यांचे. हातावर हात, हातावर हात! शिवेवर पोचेतो चारही चाकं पिवळी झाली होती, रुपेरी रंग दिसेना, आणि गाडी इतकी देखणी कधी दिसली नव्हती.

मिळालं का उत्तर? जे फक्त बघणाऱ्याच्या डोळ्यासाठी केलेलं असतं, ते डोळा दुसरीकडे वळला की शिळं होतं. ज्यात दुसऱ्याच्या हाताला टेकायला जागा असते, त्याला जुनं होणं माहीत नाही!

आता तुमच्याकडे वळतो. सुटलो म्हणून चपला शोधू नका! घर बांधलंत, गुळगुळीत फरशी टाकलीत, आईला धरून उठायला तिथं काही आहे का? फडाफडा बोलता, समोरच्याला मध्ये एक शब्द ठेवायला जागा देता का? पूजा मांडता, ताट सजवता, फोटो टाकता, त्या ताटाला घरातल्या सगळ्यांचे हात लागतात का?

उद्या खंडेनवमी. तुमच्याही दारात गाड्या आहेत, धुवाल, हार घालाल. घरातलं सगळ्यात थकलेलं माणूस त्या चाकाशी आणा आणि त्याला पहिला हात लावू द्या. हात टेकला तर आई पावली. नाही टेकला, तर चाक बदला. आणि त्या माणसाला चाकापर्यंत आणायलाच तुम्ही कित्येक वर्षांत गेला नसाल, तर चाकाचं राहू द्या. आधी आत जा, त्याचा हात धरा.

म्हणा माझ्यामागं, सगळ्यांनी, मागच्या रांगेतल्यांनीसुद्धा — उदं, आई, उदं!