आरशाला टांगलेली बशी

इंद्रजीत : या मावशी, इकडं सरका. वाती राहू द्या घडीभर. असा किस्सा दाखवतो की पोट धरून हसाल.

मनकर्णाबाई : किस्सा दाखवत्यात व्हय? किस्सा सांगत्यात. आन् कीर्तनाच्या मांडवात पोट धरून हसण्यासारखं काय हाय?

इंद्रजीत : कीर्तनासाठीच आहे हे! बुवांनी स्वतः मागवलंय. निरूपणात "सारं इथंच टाकून जायचंय" असं आलं, की मागच्या पडद्यावर मी फोटो सोडणार. तिकडं परदेशातल्या, बर्फातल्या लढाईतले आहेत. एक फौज सगळं टाकून माघारी पळाली ना, त्याचे. हा बघा रणगाडा. हा दुसरा, चिखलात नाक खुपसलेला. ही तोफ.

मनकर्णाबाई : आभाळाकडं तोंड करून बसलीय, येड्यावानी.

इंद्रजीत : ही बुटांची रास. हे पातेलं बघा, आत शिजवलेलं तसंच! जेवायला पण थांबले नाहीत, पळपुटे साले.

मनकर्णाबाई : मांडवात बसलाय, जीभ आवर. फोटो कुणी काढले?

इंद्रजीत : जिंकणाऱ्यांनी. मागून आले, फोटो काढले, नेटवर टाकले. जगानं हसावं म्हणून.

मनकर्णाबाई : म्हंजे त्यांनी दुसऱ्याच्या उष्ट्या पातेल्याजवळ उभं राहून फोटो काढायचे, आन् तू इथं पंख्याखाली बसून हसायचं. लई शूर रे बाबा तुम्ही समदे.

इंद्रजीत : घ्या! मी काय केलं?

मनकर्णाबाई : लोखंड लोखंड दाखवलंस. माणसं कुठं हायत?

इंद्रजीत : पळाली की.

मनकर्णाबाई : समदी?

इंद्रजीत : ते मला काय माहीत? माणसं असलेले फोटो मी घेतलेच नाहीत. कीर्तनात रक्त नको म्हणाले बुवा. ते सोडा, हा शेवटचा बघा, याला तर हशाच हशा. फौजेचा ट्रक. काच फुटलेली, दार सताड उघडं, अन् आतल्या आरशाला काय टांगलंय? पितळेची बशी! मी खाली लिहिलंय, "चहा प्यायला परत या!" कसंय? एकदम कडक ना?

मनकर्णाबाई : मोठं कर.

इंद्रजीत : आवडला ना?

मनकर्णाबाई : मोठं कर म्हणते ना. अजून. बशीला मधोमध भोक असतं का रे?

इंद्रजीत : भोक? हां, आहे खरं. दोरी ओवलीय त्यातून.

मनकर्णाबाई : टाळ हाय तो. सप्त्या-सप्त्यानं पडदे लावत हिंडतोस, आन् टाळ वळखू येईना? कान भाड्यानं दिलेत का?

इंद्रजीत : पण मावशी, तिकडं फौजेत टाळ कोण नेईल?

मनकर्णाबाई : माझा बन्सी.

इंद्रजीत : बन्सीदादा? तो तर तिकडं परदेशात गोदामात कामाला आहे ना? आपल्या तात्यासाहेबांनीच नोकरी लावून पाठवलाय, बिस्किटाच्या...

मनकर्णाबाई : दोरी बघ. हिरवी, मधी पिवळी रेघ. शेंद्र्याला कंटेनर चालवायचा तवाबी टाळ आरशालाच टांगलेले असायचे त्याचे. दोरी जुनी झाली व्हती, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी माझ्या लुगड्याचा काठ फाडून नवी वळून दिली. ही वातींची पिशवी त्याच काठाची शिवलीय. धर फोटोजवळ. धर की!

इंद्रजीत : मावशी, तोच काठ आहे.

(तात्यासाहेब मांडवात येतात.)

तात्यासाहेब : काय इंद्रजीत, झाली का तयारी? माझ्या सत्काराच्या वेळी माझा फोटो पूर्ण पडदाभर हवा बरं का. अरे वा, हे काय, पळपुट्यांचा बाजार? छान, छान. अशा लोकांना जग हसतं ते उगीच नाही.

मनकर्णाबाई : तात्यासाहेब, बरं झालं आले. तेवढं सांगा, त्या आरशाला काय टांगलंय?

तात्यासाहेब : ते? बशीबिशी असेल. तिकडचे लोक काहीही टांगतात.

मनकर्णाबाई : सप्त्याचे अध्यक्ष तुम्ही. रोज पुढच्या गादीवर डोळे मिटून डोलता. टाळ नाय वळखला?

तात्यासाहेब : बरं, टाळ समजा. मग?

मनकर्णाबाई : बन्सीचा हाय. बिस्किटाच्या गोदामाला फौजेचा ट्रक कशाला लागतो?

तात्यासाहेब : आक्का, आईचं मन आहे, जिथं तिथं लेकरूच दिसणार. टाळ सगळे सारखेच. बन्सी सुखात आहे, कामात आहे, म्हणून फोन नाही.

मनकर्णाबाई : दिवाळीपासून कामातच हाय? दिवाळीला म्हणला, "आई, मला हिरवे कपडे दिलेत." तुम्हाला विचारलं, तर म्हणले, गोदामाचा गणवेश हाय.

तात्यासाहेब : असतोच की गणवेश.

मनकर्णाबाई : मग बिस्किटं राखायला तोफ ठेवली व्हय शेजारी?

तात्यासाहेब : हे बघा, मी मधला माणूस. पुढं त्याला कोणी कुठं नेलं, ते माझ्या हातात नाही.

मनकर्णाबाई : आत्ता तर सुखात व्हता. आता "कुठं नेलं" झालं?

तात्यासाहेब : इंद्रजीत, हा फोटो काढून टाक. चांगल्या दिवशी अभद्र नको. आणि हा पडदा कोणामुळं उभा आहे, तेवढं ध्यानात ठेव. येतो मी. राम कृष्ण हरी.

मनकर्णाबाई : गेला बघ, देवाचं नाव तोंडात धरून. पान धरावं तसं.

इंद्रजीत : मावशी, एकच टाळ दिसतोय. जोडीतला दुसरा?

मनकर्णाबाई : तेच बघत व्हते मी. ते दोरीचं टोक मोठं कर. तुटली असती तर धागे पिंजारले असते. हे सरळ हाय. कापलीय दोरी. जीव घेऊन पळणारा माणूस दोरी कापत बसंल का? एक टाळ ठेवला, एक संगं घेतला, आन् उतरला.

इंद्रजीत : असं असेलच असं नाही, मावशी. दुसऱ्या कोणी पण...

मनकर्णाबाई : ठावं हाय मला. म्हातारी हाय, येडी नाय. पण दार उघडं हाय आन् आत कुणी पडलेलं नाय. तेवढ्यावर आजचा दिवस काढते. उद्या हा फोटो घेऊन माझ्यासंगं संभाजीनगरला चल. पोलिसात, कलेक्टर कचेरीत, जिथं ऐकतील तिथं. मला बोलता येतं, हे यंत्र नाय चालवता येत.

इंद्रजीत : येतो. पण आज? ते तर काढून टाक म्हणाले.

मनकर्णाबाई : तर टाक काढून. तुझा पडदा, तुझे साहेब. फक्त एवढं ध्यानात घे, सांडूचा सत्यम पुढल्या आठवड्यात निघालाय, त्याच गोदामात. आज सांडू लेकाला घेऊन पुढंच बसणार हाय. तात्यासाहेबांच्या पाया पडायला.

इंद्रजीत : सत्यम? अहो, तो माझ्या वर्गातला.

मनकर्णाबाई : मग तर तुला लई फोटो मिळतील हसायला.

इंद्रजीत : असं नका ना बोलू, मावशी.

मनकर्णाबाई : मग कसं बोलू?

इंद्रजीत : सत्काराची शाल कधी घालतात?

मनकर्णाबाई : निरूपण झाल्यावर, गजराच्या आधी.

इंद्रजीत : तेव्हा त्यांचा फोटो लावायचाय, पूर्ण पडदाभर. मी हा लावतो. पुढच्या सप्त्याचं काम गेलं तर गेलं. ते चहाचं वाक्य पुसलं बघा. त्याजागी काय लिहू?

मनकर्णाबाई : काय लिहू नको. मी ही पिशवी धरून पडद्यापुढं उभी राहते. बुवा देवमाणूस हायत, ऐकून घेतील. बाकीच्यांना मी ऐकवते.

इंद्रजीत : मला टाळ वाजवता येत नाही मावशी, नाहीतर आज वाजवला असता.

मनकर्णाबाई : टाळी येती ना?

इंद्रजीत : येते.

मनकर्णाबाई : मग गजर सुरू झाला की वाजव. हळू वाजव, चालंल. आन् वाजवताना तेवढं माझ्या बन्सीला आठव.