पुणे ते रायपूर, पावणेदोन तास

आदरणीय अध्यक्ष नागसेनसाहेब, मंचावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती, निवृत्त झालेले चंपतभाऊ, पुण्याहून आलेली त्यांची लेक पायल आणि सेक्टर दोनच्या या विहारात जमलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना जय भीम.

मी प्रफुल. चंपतभाऊंसोबत कारखान्याच्या क्रेन मेंटेनन्समध्ये माझी हयात गेली. साहेब म्हणाले, दोन गोड शब्द बोल. गोड कुठून आणू, साहेब? उद्या हा माणूस क्वार्टरची चाबी देऊन लेकीकडे पुण्याला चालला, आणि लेक गेल्या उन्हाळ्यापासून त्याच्याशी बोलत नाही. तिकीट तिनंच काढलं, निरोप मात्र माझ्या फोनवर आला. सगळ्यांना माहीत आहे, मग मीच कावून लपवू?

पायलला पुण्यात नोकरी लागली तेव्हा भाऊ शॉपभर सांगत फिरले, "रायपूर ते पुणे, हवेतून साडेआठशे किलोमीटर. पावणेदोन तास! अर्धी शिफ्टबी नाही." कमलावहिनींचीही अशीच समजूत घालायचे. वहिनींची नागपूरची बहीण भाऊंना दूर वाटायची, पुण्याची लेक जवळ.

आता आमच्या खात्याची एक रीत आहे. क्रेन नुसती कुरकुरली तर शिफ्ट संपवून घरी गेलेल्या माणसाला बोलवायचं नाही; बंद पडली की मगच बोलवायचं. चांगली रीत आहे. पण वहिनी दवाखान्यात भरती झाल्या, "पायलले बोलवा" म्हणत राहिल्या, तेव्हा भाऊंनी तीच रीत लावली. "कायले तिले त्रास देतं व? ती तं पावणेदोन तासांत येते." नागपूरच्या बहिणीला मात्र त्याच दिवशी फोन केला, कारण ती रेल्वेने येणार होती!

पायलला फोन गेला तेव्हा त्या दिवसाचं सरळ विमान उडून गेलं होतं. पोरगी दिल्लीवरून आली, रात्र विमानतळावर काढून. उन्हाळ्याचे दिवस, आम्ही तरी किती थांबणार? वहिनींना स्मशानात पोहोचवून परतलो होतो. दारातच तिनं विचारलं, "बाबा, मावशीले बोलावलं, मले कावून नाही?"

बापानं काय अंतर सांगावं? नकाशा खोटा नव्हता, मित्रहो. विमानही वेळेवर उडालं. दोष कोणाला द्यावा मला कळत नाही, आणि आता कळून उपयोगही नाही.

पायल बेटा, उद्या तुम्ही दोघं शेजारी बसून जाल. घरात माणूस दुसऱ्या खोलीत तरी जाऊ शकतो. मला त्या पावणेदोन तासांची भीती वाटते. आत्ता, सगळ्यांसमोर, एकदा "बाबा" म्हणशील?

...राहू द्या. कोणी काही बोलू नका तिला. खाली पाहून राहिली पोरगी.

विहार समितीचे आणि चहा-नाश्ता सांभाळणाऱ्या ममताताईंचे आभार मानतो. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. माझं तुम्ही घालालच. चंपतभाऊंचं कोण घालेल, ते मला दिसत नाही. जय भीम.