गोणीवरची झोप

...अहो, हसताय काय? तांदूळ आणायला गेलो होतो आम्ही, फक्त तांदूळ! सुनेत्राताईला, म्हणजे माझ्या बहिणीला, इंद्रायणी हवा तो थेट गिरणीतूनच, म्हणून रविवारी पुण्याहून कामशेतला निघालो. गाडीत ताई, तिची चिमुरडी इरावती आणि ड्रायव्हर मी. तिघांपैकी एकाचीही झोप धड झालेली नाही! इराला मोबाईल हवा, ती जागी म्हणून ताई जागी, आणि मी? मला कुणी जागवत नाही, माझं आपलं 'अजून एकच एपिसोड'! मग काय? पोरगी शाळेत पेंगते, घरी चावते. ताईने परवा चहात मीठ घातलं... आणि मी तो प्यायलो, कळलंच नाही! इथवर गंमत हो. पण वडगावच्या पुढे माझा डोळा लागला. स्टिअरिंगवर! ताई किंचाळली, "श्रीयऽऽश!" बघतो तर ट्रक हाऽऽ एवढा जवळ! कचकन ब्रेक दाबला, म्हणून वाचलो.

आणि गेलो होतो म्हणे तांदूळ आणायला!

कसेबसे गिरणीत पोचलो. तिथे भात घेऊन आलेला माणूस नंबर येईपर्यंत आपल्याच गोणीवर आडवा होतो. इराने ते बघितलं, समोरच्या गोणीवर चढली आणि गिरणीच्या त्या धडधडीत... गाढ! घरी पंखा कुरकुरला तरी उठणारी ही! गोणी कुणाची? धोंडिबाआबा म्हणून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. आणि नंबर? तोही नेमका त्यांचाच!

गिरणीवाला पप्पू ओरडतोय, "आबा, वता की भात!"

"पोर निजलंय. फुडच्याचं घे."

"अवो, समदी गेली की फुडं!"

"जाऊंदे! निजल्यालं लेकरू उठवू व्हय?"

मी ओशाळलो. म्हटलं, "आबा, उचलतो तिला, निघायचंय आम्हाला." तर माझ्याकडे बघून म्हातारा भडकला, "गाडी तूच हाकनार? ह्या डोळ्यांनी?" आणि ताईने, सख्ख्या बहिणीने, ट्रकचं सगळं ओकून टाकलं! झालं. "दे ती किल्ली हिकडं!" किल्ली गेली आबांच्या धोतराच्या कनवटीला. "नीज आदी, मग बगू."

गिरणीत कुणाला झोप लागते हो?... ताईचं घोरणं सुरू झालं, तेवढं आठवतंय.

उठलो तर डोकं इतकं हलकं, की माझंच आहे ना, चाचपून बघितलं! आणि इरा चक्क हसत होती! "मामा, भूक लागली!" ताई ओढणीने डोळे पुसत म्हणाली, "ही अशी असते... विसरलेच होते रे." देव भलं करो त्या आबांचं! पाया पडायला शोधतो, तर आबा त्याच गोणीवर... गाढ. किल्ली कनवटीला, आणि झोपलेत नेमके त्याच कुशीवर!

उठवणार कसं, तुम्हीच सांगा? बसलो. आबा उठेपर्यंत गिरणी बंद! इंद्रायणी होता तो नेमका त्यांच्याच गोणीत. त्यांचा भात तसाच, आमच्या पिशव्या रिकाम्या.

गेलो होतो तांदूळ आणायला... आता आठवडाभर नुसती पोळी. असू दे. तिघंही धडधाकट बसून खातोय ना!