वीस वर्षं टिकणारी करवंदं

रोह्याच्या स्टँडवर पेणच्या गाडीच्या रांगेत प्रणिताच्या पुढे एक नवरा-बायको उभी होती. वीटभट्टीवर निघालेली. सोबत भांड्यांचं बोचकं आणि त्यांना सोडायला आलेली म्हातारी. प्रणिताने मोबाइल पर्समध्ये टाकला. असलं बोलणं फुकट कुठे ऐकायला मिळतं!

“ही आपलीच करवंदं, आवडे,” नवऱ्याने हातातलं पाकीट बायकोपुढे धरलं. “उन्हाळ्यात कंपनीला दिलेली. आधी गोठवली, मग मशीननं त्यातलं पाणी ओढून घेतलं.”

“हातात काय लागतच नाय. कागदासारखी झालीत.”

“वीस वर्षं टिकतात. खायच्या वक्ताला पाण्यात टाकायची, की झाली टपोरी.”

“मशीन केवढं हाय?”

“आपल्या झोपडीएवढं. का गो?”

“आयेला ठेवू त्यात. पावसाच्या तोंडावर आपण येऊच भट्टीवरून. तवर रेशन नको, सरपण नको, पडायची भीती नाय.”

“आणि तिचे गुडघे?”

“सुकल्यावर कसले दुखतात!”

“चव जराबी बदलत नाय बोलतात. म्हंजे स्वभाव हाय तसाच येल.”

“येऊ दे. तुमच्यापेक्षा बरा हाय.”

गाडी लागली. म्हातारीने पाकिटातलं एक करवंद तोंडात टाकलं आणि बराच वेळ जिभेवर भिजवलं.

“बसते मी मशीनमध्ये,” ती म्हणाली. “पण मंगळ्या, आधी छप्पर शाकारून जा. नायतर पाऊस तुमच्या आधी येल, मी भिजून उठेन, नि घरात कोणच नसेल.”