संध्यानं शिवलेला ब्लाऊज

शहापूरच्या एसटी स्टँडवर मी शेणव्याच्या गाडीसाठी रांगेत उभी होते. मागे एका वयस्क बाईंना त्यांच्या गावची मुलगी भेटली.

"संध्या, बरी भेटलीस गो! भाविकाच्या लग्नात तू शिवलेलाच ब्लाऊज घातला मी."

"नीट बसला ना, मावशी?"

"बसला म्हणजे! ऑपरेशनात डावी छाती काढली, तेव्हापासून किती रेडीमेड आणले. एका बाजूला नुसतं कापड लोंबायचं."

"रेडीमेडवाल्याला तू कुठं माहीत असतेस? तो एक साइज धरतो आणि हजार कापतो. मी मुंबईला ज्या डिझायनरकडं शिवते, तिथं एकीचं माप दुसरीला चालत नाय. आधी मांजरपाटाचा कच्चा शिवायचा, अंगावर घालून बघायचा, मगच चांगल्या कापडाला कात्री लावायची."

"ती मोठ्या लोकांची रीत. पण माझ्यासाठी पण तू दोनदा कच्चा शिवलास. डावीकडं आतून कापूस भरलास, वजनसुद्धा सारखं केलंस."

"माप देताना तू मान खाली घालून उभी होतीस, मावशी. मला राहवलं नाय."

"वर्षभर मी पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून बसायचे. लग्नात नाय लपेटला."

"कोणी काय बोललं?"

"नवरीच बोलली ना! म्हणे, आत्या, काय मस्त बसलाय ब्लाऊज, कुठं शिवलास?"

"मग?"

"मग काय, मांडवात मधोमध उभी राह्यले आणि दाखवला तिला. पुढून, मागून, सगळीकडून."